वैमानिकांचा करार : मुदतवाढ की माघार?

गुरसराय हे झाशी जिल्ह्यातील गरौठा तहसिलीतले बाजाराचे गाव. पेशवाईत बुंदेलखंडात उतरलेल्या मराठी घराण्यांपैकी एकाची इथे जहागीर होती, त्यामुळे झाशीकडच्या जुन्या मराठी कुटुंबांत या गावाचे नाव अजून निघते. डिसेंबर २०२५ मध्ये आम्ही तिथे गेलो, ते झाशीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका जुन्या साथीच्या सोबतीने. काम त्यांच्या घरचे होते, चळवळीचे नव्हते. पण चळवळीतल्या माणसाला चहाच्या टपरीवर बसले की विषय सुटत नाही.

मंडीत शेंगांची पोती उतरत होती. टपरीवर पडलेल्या हिंदी वर्तमानपत्रात विमानतळावर जमिनीवर झोपलेल्या प्रवाशांचा मोठा फोटो होता. पोती वाहणाऱ्यांना तिकडे पल्लेदार म्हणतात. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ शेजारी बसले होते. आम्ही युनियनवाले आहोत हे कळल्यावर त्यांनी फोटोवर बोट ठेवून सरळ विचारले, "बाबूजी, महिन्याला लाखांनी पगार घेणाऱ्याला युनियन कशाला लागते?"

हा प्रश्न त्यांचा एकट्यांचा नाही. आमच्या कारखान्यांतल्या, बँकांतल्या, गोदीतल्या सभासदांच्या मनातही तो असतो. शिष्टाचार म्हणून कोणी बोलत नाही इतकेच. आम्ही त्यांना आधी एवढेच सांगितले की त्या फोटोमागे संप नव्हता. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होणार हे कंपन्यांना दोन वर्षे माहीत होते, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने त्या हिशेबाने माणसे ठेवली नव्हती. मग आम्ही त्यांना तासांची गोष्ट सांगितली. वैमानिकाच्या पगाराचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर असतो. पूर्वी महिन्याला ७० तासांच्या पैशांची हमी होती, विमान उडो वा न उडो. नव्या कराराच्या कागदावर ती ४० तासांवर आणली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच की. पोतं आलं तर मजुरी, नाही आलं तर बसा."

आमच्या अनेक पत्रकांपेक्षा हे वाक्य जास्त नेमके होते, म्हणून लेखाची सुरुवात तिथून केली.

आता प्रकरण नीट पाहू. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी सरकारकडून टाटा समूहाकडे गेली. त्यानंतर सव्वा वर्षाने, एप्रिल २०२३ मध्ये, वैमानिकांपुढे नव्या वेतनरचनेचा कागद आला. वाटाघाटी होऊन, मागणीपत्रावर चर्चा होऊन तो आला नव्हता. प्रत्येकाने आपापली सही करून परत करायचा होता. इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन आणि इंडियन पायलट्स गिल्ड या दोन्ही संघटनांनी सभासदांना सांगितले की सही करू नका. दीड हजाराहून अधिक वैमानिकांच्या सह्यांचा अर्ज थेट रतन टाटांकडे गेला. पुढच्याच वर्षी, मार्च-एप्रिल २०२४ मध्ये, विलीनीकरणाच्या उंबरठ्यावर असलेल्या विस्तारामध्ये तेच घडले. तिथेही ७० ऐवजी ४० तास. बहुतेक सगळ्यांनी सह्या केल्या असे कंपनीने सांगितले, आणि त्याच दिवसांत वैमानिक आजारी पडू लागले, उड्डाणे रद्द होऊ लागली, शेवटी कंपनीला आपले वेळापत्रकच सुमारे दहा टक्क्यांनी कापावे लागले. सही दिली, पण मन दिले नाही, असा तो प्रकार होता.

कंपनीचे म्हणणेही सांगितले पाहिजे. समूहातल्या सर्व विमान कंपन्यांत एकच रचना हवी, आणि धंदा वाढणार असल्याने प्रत्यक्ष उड्डाणे ४० तासांच्या पुष्कळ वर जातील, त्यामुळे मिळकत घटण्याची भीती नको, असा तो युक्तिवाद. ऐकायला बरा आहे. पण मग हमी कमी का करायची? जो मालक खात्रीने सांगतो की काम भरपूर मिळेल, त्याला ७० तासांची हमी लिहून देण्यात अडचण कोणती? फेब्रुवारी २०२३ मध्ये याच कंपनीने ४७० विमानांची मागणी नोंदवली होती, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत माणसांच्या तासांची हमी ३० ने खाली आणली. विमान बनवणाऱ्यांशी वर्षानुवर्षांचे लेखी करार आणि विमान चालवणाऱ्यांना तोंडी आश्वासन. महिन्याला ३० तास म्हणजे वर्षाला ३६० तासांचा धोका मालकाच्या खांद्यावरून उतरून कामगाराच्या खांद्यावर आला. मंदी आली, धुके पडले, इंजिनाचे सुटे भाग आले नाहीत, तरी घरी बसण्याची किंमत वैमानिकाने मोजायची.

मुंबईच्या गिरणगावातल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पाळीच्या वेळी गिरणीच्या फाटकावर उभे राहायचे, नाव पुकारले तर आत, नाही तर परत, याला आपण बदली कामगार म्हणत होतो. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा बदली कामगारांचा प्रश्न त्या असंतोषाच्या मुळाशी होता. गणवेशाला सोनेरी पट्ट्या असल्या म्हणून फाटकावरचे उभे राहणे सुटत नाही.

पण आमच्या मते त्या कागदातले सर्वांत घातक कलम तासांचे नव्हतेच. कमांडरपदाची चार वर्षे पूर्ण केलेला वैमानिक 'सीनिअर कमांडर' होईल आणि व्यवस्थापकीय श्रेणीत जाईल, असे त्यात होते. वरवर पाहता बढती. पण व्यवस्थापकीय श्रेणीत गेलेला माणूस कायद्याच्या व्याख्येत कामगार उरत नाही, आणि मग त्याची युनियनही उरत नाही. अनुभवी, आवाज असलेली, तरुणांना आधार देणारी माणसे एका सहीने युनियनच्या बाहेर. जमादाराला 'पर्यवेक्षक' करायचे आणि मग युनियनच्या वर्गणीच्या वहीतून त्याचे नाव कापायचे, हा डाव आपल्या औद्योगिक वसाहतींत कितीदा झाला आहे! कार्यकर्त्यांनी आपापल्या कारखान्याचे उदाहरण आठवावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कराराची मुदत संपते, नवा करार होत नाही, आणि व्यवस्थापन म्हणते, आहे तेच आणखी दोन वर्षे चालू ठेवू, वरून थोडी वाढ घ्या आणि सह्या करा. घ्यावी का ही मुदतवाढ?

घ्यावी म्हणणाऱ्यांना आम्ही भित्रे म्हणणार नाही. त्यांची कारणे खरी असतात. वैमानिक होण्यासाठी तरुणाने लाखो रुपयांचे कर्ज काढलेले असते, त्याचा हप्ता दर महिन्याला जातो. त्याच्यावर आणखी एक बेडी आहे, जी बाहेरच्या लोकांना ठाऊक नसते. २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम केला की कमांडरने नोकरी सोडायची तर एक वर्षाची, आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची सूचना द्यावी. मालक कराराच्या अटी काही दिवसांच्या मुदतीत बदलायला निघतो आणि कामगाराला दार उघडायला वर्ष लागते. अशा माणसाने हातात आलेली वाढ घ्यावी म्हटले, तर त्याला दोष कसा द्यायचा?

शिवाय कंपनी बुडण्याची भीती असते, आणि ती खोटी नसते. जेट एअरवेजच्या वैमानिकांची गोष्ट मुंबईतच घडली. २०१९ च्या आरंभी काही महिन्यांचे पगार थकले होते. नॅशनल एव्हिएटर्स गिल्डने मार्चमध्ये ठरवले की १ एप्रिलपासून उड्डाण नाही. ३१ मार्चला तो निर्णय १५ एप्रिलपर्यंत पुढे ढकलला. १४ एप्रिलला पुन्हा पुढे ढकलला. १७ एप्रिलच्या रात्री कंपनीचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला उडाले आणि सगळे थांबले. पुढे पुनरुज्जीवनाच्या योजना आल्या आणि गेल्या. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. हजारो कामगारांची देणी त्या फाईलींत अडकली.

या घटनेवरून दोन्ही बाजूंचे लोक आपापला निष्कर्ष काढतात. एक म्हणतात, आधीच थांबले असते तर निदान कर्ज देणाऱ्या बँका वेळेत हलल्या असत्या. दुसरे म्हणतात, थांबले असते तर कंपनी दोन आठवडे आधी बुडाली असती आणि खापर वैमानिकांवर फुटले असते. आम्हाला दुसरे म्हणणे पुष्कळसे पटते. आपल्या सहकाऱ्यांची नोकरी वाचावी म्हणून पगार नसताना विमान उडवणाऱ्यांची चेष्टा करण्याचा अधिकार कोणाला नाही. पण दोनदा मुदत वाढवून देताना लेखी काय पदरात पडले? एकही थकलेला पगार विश्वस्ताकडे ठेव म्हणून आला नाही, एकही तारीख करारात लिहिली गेली नाही. वाईट होते ते एवढेच, की मुदतवाढ फुकट दिली.

अमेरिकेतले उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथे विमान कामगारांना रेल्वे कामगारांचाच कायदा लागू आहे. तो १९२६ चा, आणि विमान वाहतुकीला १९३६ पासून लावलेला. त्या कायद्याखाली करार संपत नाही, तो फक्त 'दुरुस्तीयोग्य' होतो, आणि नवा होईपर्यंत जुन्या अटी चालू राहतात. युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांपुढे दोन वर्षांच्या मुदतवाढीचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी जानेवारी २०१६ मध्ये मतदान करून तो ७९ टक्क्यांनी मान्य केला. त्याच वैमानिकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये नेत्यांनी आणलेला तडजोडीचा मसुदा ९४ टक्क्यांनी फेटाळला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याहून चांगला करार ९७ टक्क्यांनी स्वीकारला. एकदा हो, एकदा नाही, पुन्हा हो. मुदतवाढ स्वतः पापही नाही आणि पुण्यही नाही. त्यांच्याकडे जमीन पायाखाली होती आणि मत हातात होते, म्हणून त्यांना थंड डोक्याने ठरवता आले.

आपल्याकडे यांतले काय आहे? पायाखालची जमीन थोडी आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १९ प्रमाणे समझोत्याची मुदत संपली तरी तो आपोआप मरत नव्हता. एका पक्षाने तो संपवण्याची लेखी सूचना दिल्यावर दोन महिने उलटेपर्यंत तो बंधनकारक राही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व राहिले आहे. सेवाशर्ती बदलण्याआधी सूचना देण्याचे बंधनही आहे. मुदत संपली म्हणजे आपण उघड्यावर पडलो, आता मिळेल ते घ्या, ही जी घबराट व्यवस्थापनाची माणसे कँटीनमध्ये पसरवतात, तिला कायद्यात आधार नाही. हे प्रत्येक शाखेच्या चिटणीसाने सभासदांना फळ्यावर लिहून दाखवले पाहिजे.

मात्र इथेच मेख आहे. हे संरक्षण समझोत्याला आहे, म्हणजे कामगारांच्या बाजूने एकत्रितपणे झालेल्या करारनाम्याला. संगणकाच्या पडद्यावर 'मान्य' म्हणून एकट्याने दाबलेले बटण म्हणजे समझोता नव्हे. तो मालक आणि एक माणूस यांच्यातला नोकरीचा कागद झाला. ज्या दिवशी युनियनचा करार जाऊन त्याजागी हजार वेगवेगळे कागद येतात, त्या दिवशी कलमांचे सगळे कवच गळून पडते. एप्रिल २०२० मध्ये निवृत्तीनंतर करारावर घेतलेल्या सुमारे २०० वैमानिकांचे करार एअर इंडियाने, ती तेव्हा सरकारी होती, एका फटक्यात स्थगित केले. नोकरी व्यक्तिगत करारावर असली की असे होते, मालक सरकार असो की टाटा. नव्या संहितेने तर मुदतबंद नोकरीला सगळ्याच उद्योगांत राजमान्यता दिली आहे. म्हणून हा प्रश्न फक्त वैमानिकांचा नाही.

संपाचेही तसेच. विमान वाहतूक जुन्या कायद्यात 'सार्वजनिक उपयोगी सेवा' असल्याने वैमानिकांना सूचना दिल्याशिवाय आणि चौदा दिवस थांबल्याशिवाय संप करता येत नव्हता. म्हणून तर सप्टेंबर २००९ मध्ये जेटचे वैमानिक संपावर न जाता 'आजारी' पडले. दोन साथींना काढून टाकल्याच्या विरोधात तो पाच दिवसांचा लढा होता. आता नव्या संहितेने चौदा दिवसांच्या सूचनेचा फास प्रत्येक कारखान्याच्या गळ्यात घातला आहे, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तिलाही संपच म्हटले आहे. वैमानिकांवर वापरून पाहिलेले औषध आता सगळ्यांना पाजले जात आहे. त्यांची लढाई आम्ही बारकाईने पाहतो ती यासाठी.

आणि मत? आपल्या कायद्यात कराराचा मसुदा सभासदांच्या मताला टाकण्याची सक्ती नाही. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ खाली प्रातिनिधिक युनियनने सही केली की गिरणी कामगाराने ती मानायची, मग ती युनियन त्याला मान्य असो वा नसो. १९८२ च्या संपाचे एक मोठे कारण तेच होते. या बाबतीत आपल्या चळवळीनेही स्वतःला फार शाबासकी देऊ नये. किती महासंघ, आमच्यासकट, करारावर गुप्त मतदान घेतात? फाटकावरच्या सभेत हात वर करून घोषणांच्या गजरात झालेली मंजुरी म्हणजे मतदान नव्हे. मागच्या रांगेतला नवा मुलगा हात खाली ठेवू शकत नाही.

वैमानिकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया एकत्र झाल्या. २०११ मध्ये इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनने समान वेतनासाठी २७ एप्रिल ते ६ मे असा दहा दिवस संप केला. गिल्ड बाहेर राहिले. २०१२ मध्ये गिल्डने मे ते जुलै असा ५८ दिवस संप केला. त्याचे कारण ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही मिळणार हे होते, म्हणजे लढा अर्धा व्यवस्थापनाशी आणि अर्धा आपल्याच भावांशी. या वेळी असोसिएशन बाहेर राहिली. दोन्ही वेळा व्यवस्थापनाने संप करणाऱ्या संघटनेची मान्यता काढली. दुसऱ्या वेळी १०१ वैमानिक बडतर्फ केले. २०२३ मध्ये दोन्ही संघटना एका कागदावर सह्या करताना दिसल्या, याचा आम्हाला आनंद झाला, पण त्या एकीला अकरा-बारा वर्षे उशीर झाला होता. आणि या सर्व काळात विमानतळावर सामान चढवणारे, विमान झाडणारे, गाड्या चालवणारे कामगार कंत्राटावर गेले, तेव्हा कॉकपिटमधून कोणी खाली वाकून पाहिले नाही. पल्लेदारांच्या प्रश्नात जो टोमणा होता, तो काही उगाच नव्हता.

तरीही एका बाबतीत त्यांच्या बाजूने उभे राहण्यात आम्हाला कसलाही संकोच नाही, आणि ती म्हणजे विश्रांती. महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नियम सुधारले : साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या वेळी विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोन. कंपन्यांनी विरोध केला, अंमलबजावणी लांबली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. महिनाभरात इंडिगोची उड्डाणे कोसळली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक रद्द झाली. त्यावर उपाय काय निघाला? त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत रात्रीच्या नियमांतून सवलत. रजा ही विश्रांती म्हणून धरू नये हा नियमही मागे घेतला. माणसे कमी ठेवली मालकाने आणि झोप कापली कामगाराची. ही सवलत म्हणजेसुद्धा एक मुदतवाढच, फक्त ती मालकाला मिळाली, आणि ती देताना वैमानिकांचे मत कोणी विचारले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर एक वैमानिक विमानात चढण्यापूर्वीच कोसळले आणि गेले. त्या मृत्यूचे कारण ठरवणे आमचे काम नाही. पण त्यानंतर झोपेच्या तासांवर कंपन्यांनी घासाघीस करावी याची आम्हाला चीड आहे.

तेव्हा उद्या कोणत्याही कंपनीच्या वैमानिकांनी, किंवा आमच्याच एखाद्या सभासद युनियनने, मुदतवाढीबद्दल आमचे मत विचारले तर आम्ही असे सांगू. मुदतवाढ युनियनच्या नावाने होणार असेल, आहेत त्या हमीचे तास एकाने कमी होणार नसतील, नव्या भरतीच्या मुलांना वेगळी उतरती श्रेणी लागणार नसेल, तर अवश्य विचार करा. वर्ष-दोन वर्षांची उसंत संघटना बांधायला उपयोगी पडते. विश्रांतीचे तास वाढीच्या बदल्यात सौद्याला ठेवले असतील, तर वाढ कितीही असो, नाही म्हणा. कागद घरोघरी वेगवेगळा येत असेल तर तो वाचायलासुद्धा युनियनच्या कार्यालयात घेऊन या. आणि निर्णय गुप्त मतदानाने करा, त्यात पराभव नेत्यांचा झाला तरी चालेल.

आमच्या महासंघाच्या पुढच्या बैठकीत आम्ही हा मुद्दा मांडणार आहोत की यापुढे सभासद युनियनच्या कोणत्याही कराराची मुदत संपण्यापूर्वी सहा महिने मागणीपत्र द्यावे, आणि मुदतवाढीचा प्रस्ताव आला तर तो मतपेटीत टाकल्याशिवाय पदाधिकाऱ्यांनी सही करू नये. वैमानिकांच्या संघटनांनाही निमंत्रण द्यावे. त्या बैठकीला त्यांनी विमानतळावरच्या कंत्राटी हमालांच्या प्रतिनिधींना सोबत आणले, तर खुर्च्या आम्ही मांडू.